बाराव्या दिवसाचं पाणी

माझं महाडला यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत येतं ते हातात काहीतरी जळकं घेऊन आणि "मॅडम, कालपर्यंत चालू होतं हो" असं म्हणत. कालपर्यंत सगळंच चालू असतं. मी झाकण उघडते, वास घेते आणि विचारते, "अर्थिंग केलंय का?" यावर माणसं माझ्याकडे अशी बघतात, की जणू मी त्यांची जन्मपत्रिका मागितली. मग माझं डोकं फिरतं. महागातलं यंत्र घरात आणायचं आणि जमिनीत जाणाऱ्या एका तारेसाठी हात आखडता घ्यायचा! माझ्या या बोलण्यामुळे निम्मं महाड मला भांडकुदळ समजतं. समजू दे.

पण त्या तारेवरून माझा इतका जीव वरखाली व्हायचं खरं कारण म्हणजे आसणमाळचा डबा.

शिवथरच्या खोऱ्यातून वर चढत गेलं, की तासाभराने आसणमाळ लागायचं. डोंगराच्या खांद्यावरची अकरा घरांची धनगरवाडी. म्हशी, शेळ्या, नाचणी-वरीचे तुकडे. वाडीच्या डोक्यावर उतारात एक भेग होती आणि ती दर पावसाळ्यात थोडी रुंदावायची. एका संस्थेने तिथे एक डबा बसवला. आत तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर. भेगेवर ताणलेली तार किती सरकली, पाऊस किती पडला, हे तो मोजायचा, दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर पाठवायचा, आणि तार हद्दीपलीकडे सरकली तर भोंगा वाजवायचा. देखभाल माझ्याकडे होती. आसणमाळची त्रेपन्न माणसं पावसाळ्यात पाठ टेकायची ती त्या डब्याच्या भरवशावर.

वर पावसाळ्यात महिना महिना धुकं असतं, त्यामुळे सोलरचा उपयोग नाही. खांबांवरून येणारी लाइन आणि जोडीला बॅटरी, एवढाच आधार. लाइन पाच किलोमीटर रानातून यायची. कधी दीडशे व्होल्ट, कधी तीनशे. मे महिन्यात दुपारनंतर विजा सुरू झाल्या की त्या तारांवरून जे धावत येतं, त्याला जमिनीत शिरायला वाट लागते. वाट मिळाली नाही तर ते कॉम्प्युटरमधून जातं. लाइन काढून ठेवली, तरी भेगेपर्यंत गेलेली दोनशे मीटर केबल वीज ओढून घेतेच. आणि सगळं उपसून खाली आणावं, तर वळवाच्या सरींतच भेग पहिल्यांदा हलते. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये डबा असाच जळला. नवा यायला जुलैचा मध्य उजाडला. तेवढे दिवस वाडीला भोंगा नव्हता, आणि तेवढे दिवस माझ्या घशाखाली नीट घास उतरला नाही.

म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी नवा खड्डा खणून घेतला. सहा फुटांवर कातळ लागला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर माती. पण डोंगरावरची माती उन्हाळ्यात भाजल्यासारखी होते, आणि कोरड्या मातीत वीज शिरत नाही. खड्ड्याला रोज एक कळशी पाणी घालायला हवं होतं.

हे मी वाडीतल्या रायबाच्या अंगणात सगळ्यांना सांगितलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वाडीचा झरा मार्चमध्ये आटायचा. मग पाणी खालच्या ओढ्यातल्या डोहावरून, अर्धा तास उतरून आणि पाऊण तास चढून.

"म्हशीला पानी नाय, न खड्ड्याला घालू?" वरच्या टोकाच्या घरातली हैबतीची बायको म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं.

रायबाची आई जनी ओट्यावर बसली होती. सत्तरीच्या पुढची, आणि वाडीत शेवटचा शब्द तिचा. "गुरांची पाळी लावतो तशी लावा," ती म्हणाली. "येका दिशी येक घर. कळशी दारात आली, की पाळी आली."

आसणमाळला गुरं राखायची पाळी असायची. रोज एका घरातला माणूस सगळ्यांची गुरं रानात न्यायचा आणि संध्याकाळी राखणीची काठी पुढच्या घराच्या दारात टेकवून ठेवायचा. काठी दारात म्हणजे उद्या तुमची पाळी. लिहिणं नाही, आठवण करणं नाही, कधी चूक नाही. जनीने आपली पितळी कळशी आतून आणून दिली आणि विषय संपला. मला एकदम भरून आलं. मी चष्मा पुसला आणि मीठ किती घालायचं ते उगाच पुन्हा सांगितलं.

खड्ड्यात मी ओल आणि तापमान सांगणारी एक सुई बसवली होती. एप्रिलपासून दुकानात बसल्या बसल्या मला आसणमाळची घरं ओळखू यायला लागली. रायबाच्या घरचं पाणी सकाळी सातला. एका घरचं सूर्य बुडताना, आठवण झाल्यावर. एका घरी कळशी निम्मीच भरत असावी, कारण आकडा जेमतेम हलायचा. मी पूनमला, रायबाच्या सुनेला, फोन करायची. "आज कुणी खड्ड्याला नुसती चूळ भरायला दिली गं?" ती खूप हसायची.

मग एका दुपारी मी आकडे कागदावर उतरवले आणि अडखळले. घरं अकरा. म्हणजे रायबाचं सातचं पाणी अकरा दिवसांनी परत यायला हवं. ते बारा दिवसांनी येत होतं. मध्ये एक दिवस जास्तीचा होता. त्या दिवशीही पाणी पडत होतं, दर खेपेला दुपारी बारा चाळीसला, आणि कुठल्याही घरापेक्षा जास्त. शिवाय ते गार होतं. डोहावरून उन्हातून डोक्यावर आणलेलं पाणी तीस-बत्तीस अंशांचं असायचं. हे एकोणीस.

सुई बिघडली असणार. मी सुई बदलली. पुढच्या खेपेला पुन्हा बारा चाळीस, पुन्हा एकोणीस.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी वर गेले आणि रायबाला सरळ विचारलं, "बारावं घर कुणाचं?"

त्याने हैबतीच्या घराच्या वर बोट दाखवलं. भेगेच्या अलीकडे एक दगडी जोतं होतं. वर घर नव्हतं. चारी बाजूंनी कारवी माजली होती, पण जोत्यावर एक काडी नव्हती.

"सोमाचं घर," रायबा म्हणाला. "माझ्या आज्याच्या टायमाला डोंगर आला न घेऊन गेला. सगळी मानसं. बाकीची घरं वाचली."

"मग?"

"मग काय? पाळी हाय ना त्यांची. काठी जोत्यावर ठेवतो. त्या दिशी गुरं दावनीला. कळशी पन तशीच ठेवतो, न दुसऱ्या दिशी आमी उचलतो."

"त्या दिवशी पाणी कोण घालतं?"

"कोन घालनार? खाडा."

मी फोन काढून त्याला आकडे दाखवले. त्याने बराच वेळ बघितले आणि फोन मला परत दिला. "यंत्र तुमचं हाय, मॅडम," एवढंच म्हणाला.

"कळशी भरून ठेवता की रिकामी?"

"रिकामी," तो म्हणाला. मागे उभी असलेली पूनम हळूच म्हणाली, "पन आनायला जातो तवा आतून ओली असती, ताई."

मला वाटलं, वाडीतलीच एखादी बाई मनातल्या मनात नवस बोलून गुपचूप पाणी घालत असेल. असेना. पण ती आजारी पडली, कंटाळली, तर? कोण घालतंय हेच ज्याचं माहीत नाही, अशा पाण्यावर मी त्रेपन्न माणसं सोडायला तयार नव्हते. मी ठणकावून सांगितलं, जोत्यावर कळशी ठेवायची नाही. हैबतीच्या घरून थेट रायबाच्या घरी.

जनीने मान हलवली. "पाळी काढायची नसती, गो बाय. मानूस गेलं म्हनून शेजार तुटतो काय?"

मी तिला अर्थिंग समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. यंत्र माझं होतं, म्हणून त्यांनी माझं ऐकलं.

कळशी जोत्याला वगळून पुढे गेली त्या दिवसापासून ओल उतरायला लागली. पाणी रोज पडत होतं. आकडा वर जायचा आणि तासाभरात होता तिथे यायचा. "दोन-दोन कळश्या घालतोय, ताई," पूनम फोनवर रडकुंडीला आली होती. "भसाभस जातंय खाली." मी वर जाऊन मीटर लावला. हा आकडा जितका कमी तितकं बरं; फेब्रुवारीत अर्थिंग चार ओहम होतं. आता नव्वद. खालच्या कातळाला चीर गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मीठ घातलं, कोळसा घातला, खड्डा ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी शंभर.

मग एका सकाळी इशारा आला, दुपारनंतर विजांसह पाऊस. मी दुकानाला कुलूप लावून स्कूटर काढली. साडेअकराला घामाने निथळत वर पोचले. हैबतीच्या बायकोने पहाटेच दोन कळश्या ओतल्या होत्या. खड्ड्यात बोट घातलं तर धूळ.

ती रिकामी कळशी घेऊन उभी होती. डोहावर जाऊन यायला सव्वा तास, आणि आणलेलं टिकणार नव्हतं. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. मी कळशी तिच्या हातातून घेतली आणि जोत्याकडे चालायला लागले.

जोत्याचा दगड पायाला गार लागला. मे महिन्यातले पावणेबारा वाजले होते. मी कळशी मध्यभागी ठेवली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "पाळी तुमचीच आहे."

असं मोकळ्या जागेशी बोलताना मला स्वतःची लाज वाटली. खाली येऊन रायबाच्या ओट्यावर बसले. पूनमने भाकरी आणि ताक दिलं. वर बघायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी वर बघत नव्हतं. मीही बघितलं नाही.

बारा चाळीसला ओल चढली.

तापमान एकोणीस.

मी पुढचा आकडा यायची वाट बघितली. बारा पन्नास. ओल तेवढीच. एक. तेवढीच. दोन वाजेपर्यंत आकडा तसूभर खाली आला नाही.

साडेतीनला वीज पडली.

सगळं पांढरं झालं आणि कानात नुसती शिट्टी उरली. रायबाच्या टीव्हीतून धूर निघाला. चार घरांतले पंखे गेले, चार्जिंगला लावलेले फोन गेले, ट्रान्सफॉर्मरचं तेल खांबावरून ओघळत होतं. मी पावसात डब्याकडे धावले. बाहेरचा अरेस्टर, म्हणजे वीज अंगावर घेऊन जमिनीकडे वळवणारा तुकडा, काळा ठिक्कर पडला होता. वीज त्याच्यातून गेली होती आणि जमिनीत उतरली होती.

आत हिरवा दिवा लुकलुकत होता.

मीटर लावला. तीन ओहम.

मी खड्ड्यापाशी बसकण मारली आणि पोटभर रडले. मी देवळात जात नाही, उपास करत नाही, घरचे मला त्यावरून बोलतात. पण त्या मातीवर हात ठेवून मी मोठ्याने म्हटलं, "उपकार झाले." माती आतून थरथरल्यासारखी वाटली. थंडीने माझाच हात कापत असेल.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, भोंगा वाजला. तार हद्दीपलीकडे गेली होती. मी दुकानातून पूनमला फोन लावला तर मागे नुसता आरडाओरडा, गुरांच्या घंटा, भोंगा. "निघालो ताई," ती ओरडली. रायबाने गुरांची दावी कापली आणि जनीला पाठीवर घेतलं. सगळी वाडी धुक्यातून, चिखलातून खाली शाळेकडे उतरली.

अकरा वीसला डोंगर आला.

वरची चार घरं गेली. जोतं, खड्डा, डबा, सगळं गेलं. हैबतीच्या दोन शेळ्या गेल्या.

माणूस एकही गेलं नाही.

आता वाडी खाली, शाळेजवळच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहते. तिथेही वरच्या उतारावर लक्ष ठेवायला नवा डबा आहे, नवा खड्डा आहे. शेडच्या रांगेच्या टोकाला जनीने एक सपाट दगड बसवून घेतला, सोमाच्या घराचा. आणि मला बोलावून म्हणाली, "समीक्षा, आता तू पन वाडीचीच. तुझी पन पाळी लावलीय." मला दारूचा नव्हे, पण कसला तरी कैफ चढला असावा, कारण महाडपर्यंत मी स्कूटरवर गाणं म्हणत आले. माझी कळशी पूनमच्या दारात ठेवायची असं ठरलं. या उन्हाळ्यात मी दर तेराव्या दिवशी जाते, स्वतः डोक्यावरून पाणी आणते, बायका माझ्या चालण्याची नक्कल करतात. एकही खाडा केला नव्हता.

गेल्या गुरुवारी तुडीलच्या एका शाळेतले सगळे कॉम्प्युटर एकदम बसले. सकाळपासून तिथे अडकले. पुन्हा अर्थिंग नाही, पुन्हा माझी चिडचिड. दुकानात परत आले तेव्हा तीन वाजले होते, आणि पंख्याखाली बसल्यावर एकदम आठवलं. मी पूनमला फोन लावला.

"पूनम, आज माझी पाळी गं. येणं झालंच नाही. एक कळशी घालशील का माझ्यासाठी?"

"घातलं की पानी, ताई. तुमीच धाडलेलं ना मानूस?"

"मी?"

"बाई आलेली येक, दुपारच्याला. म्हनाली, समीक्षाच्या पाळीचं आनलंय."

मी फोन कानावरून काढून आकडे बघितले. बारा चाळीस. एकोणीस.

"कोण होती?"

"मी नाय वळखलं. जनीआजी बोलत बसलेल्या तिच्याशी, घरातल्यासारख्या. चा पन घेतला नाय तिनं. म्हनाली, पोरीला जाऊन सांगते, उगा काळजी करत बसंल." पूनम सांगत होती. "चालतच गेली, ताई. निघून दोन तास झालं. पोचली नाय का अजून?"

बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं. समोरचा दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत होता.

"येईल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

घाबरायला हवं होतं. पण इतक्या उन्हातून कुणीतरी माझ्यासाठी पायी येत होतं, एवढंच मनात राहिलं. मी माठातून तांब्या काठोकाठ भरला, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि दोन्ही काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या बाजूला ठेवली. मग बसायला स्टूल आणण्यासाठी मागच्या खोलीत गेले.

परत आले तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. वाटीत गूळ नव्हता, आणि तांब्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं.

मी तो पुन्हा भरून ठेवला.